नडगीवरची जखम

आजीनं खिडकीतून डॉक्टरांची चिठ्ठी आत सरकवली आणि पाठीमागे लपलेल्या नातवाला पुढे ओढलं. "दाखव ताईंना पाय." पोरगा सहा-सात वर्षांचा. नडगीवर रुपयाच्या नाण्याएवढी जखम. कडेला मधाच्या रंगाची खपली, मधोमध ओलसर खड्डा, आणि त्या सगळ्यावर हळद थापलेली. दोघं दिघ्याहून आली होती. जुलै होता, आजीच्या साडीचा काठ वीतभर भिजलेला. दोनदा औषध देऊनही जखम भरेना म्हणून डॉक्टरांनी पू तपासायला सांगितला होता.

स्वॅब घेण्याआधी सलाइननं हळद धुवून काढावी लागली. पोरगा रडला नाही. आजीच हळूच म्हणाली, "ताई, महारोगाचं तर नाही ना हे?"

"ते डॉक्टर सांगतील, आजी," असं मी म्हटलं. आमच्या खिडकीवरचं ठरलेलं उत्तर. ठाण्यातल्या लॅबमध्ये गेली २१ वर्षं माझं काम हेच आहे: कुणाची लघवी, कुणाचा बेडका, कुणाचा पू घ्यायचा, बशीत पसरायचा आणि काय उगवतं ते बघायचं. लोक कुंडीत तुळस वाढवतात, मी जिवाणू वाढवते. आणि या कामानं एक गोष्ट पक्की शिकवली, की जखमेच्या तोंडावर तिचं नाव लिहिलेलं नसतं. दिसतं तसं नसतं, ही म्हण कातडीच्या रोगांइतकी दुसरीकडे कुठे चपखल बसत असेल असं मला वाटत नाही.

आधी आपल्याकडचं सांगते. ठाणे, कळवा, ऐरोली, तुर्भे या पट्ट्यातल्या लहान मुलांच्या पायांवर पावसाळ्यात ज्या जखमा दिसतात, त्यांमागे बहुतेक वेळा दोन जिवाणू असतात. एक स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि दुसरा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. नावं लांबलचक असली तरी बशीत दोघं लगेच ओळखू येतात. लाल रक्त मिसळलेल्या अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीवर पू फिरवून ती रात्रभर ३५-३७ अंशांवर ठेवली की स्टॅफच्या टपोऱ्या, सोनेरी झाक असलेल्या वसाहती दिसतात. स्ट्रेपची वसाहत खसखशीएवढी, पण तिच्याभोवतीचं रक्त तिनं फोडून टाकलेलं असतं, म्हणून बशी उजेडासमोर धरली की लाल पाटीवर गोल गोल खिडक्या उघडल्यासारखं दिसतं. इतकी वर्षं झाली, पण त्या खिडक्या दिसल्या की मी अजून जरा वेळ बशी हातात धरून ठेवते.

हे दोघं एरवीही आसपासच असतात. कित्येकांच्या नाकात स्टॅफ वर्षानुवर्षं निवांत राहतो आणि काही करत नाही. धडधाकट कातडी त्यांना आत घेत नाही. पण डास चावला, मुलानं खाजवलं, नखानं सालपट निघालं, की दार उघडतं. जंतू वरच्या पापुद्र्यातच राहिले तर पुटकुळ्या येतात, त्या फुटून मधासारखी खपली धरते. याला डॉक्टर इम्पेटिगो म्हणतात. हा प्रकार डाग न ठेवता बरा होतो. तेच जंतू खालच्या थरात उतरले की कडा उंच, मध्ये खड्डा अशी जखम होते. तिचं नाव एक्थायमा. ती भरायला आठवडे लागतात आणि भरली तरी वण राहतो. दिघ्याच्या पोराच्या नडगीवरचा खड्डा पाहून मला हेच आठवलं होतं. पण आठवणं आणि बशीत दिसणं यांत फरक असतो. तो फरक किती मोठा असू शकतो, यासाठी ठाण्यातून थेट पॅसिफिक महासागरात जावं लागेल.

पापुआ न्यू गिनीत लिहीर नावाचं एक बेट आहे. तिथे सोन्याची मोठी खाण आहे, आणि तिथल्या मुलांच्या पायांवर अशाच जखमा असत. तिथे त्यांचं नाव ठरून गेलेलं होतं: यॉज. हा फार जुना रोग. उष्ण, दमट, गरीब भागातल्या १५ वर्षांखालच्या मुलांना होणारा. खरचटलेल्या कातडीला दुसऱ्याची ओली जखम लागली की तो पसरतो. आधी एक फोड, मग रासबेरीसारखी खडबडीत वाढ किंवा व्रण. काही महिन्यांनी ती जखम आपोआप भरते, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण जंतू आतच असतो. उपचार झाले नाहीत तर काहींच्या नडगीची हाडं पुढे तलवारीसारखी वाकतात, काहींच्या नाकाचं हाड झिजून चेहरा विद्रूप होतो.

यॉजचा जंतू ट्रेपोनेमा. सिफिलिस या लैंगिक रोगाच्या जंतूचा हा सख्खा भाऊ, इतका सख्खा की रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत दोघांत फरकच कळत नाही. यॉज झालेल्या मुलाची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठी करतात ती रक्ताची तपासणी, पॉझिटिव्ह येते. वास्तविक यॉजचा लैंगिक संबंधांशी काडीचाही संबंध नाही. तो अंगाला अंग लागून, खेळता खेळता पसरतो. पण आपल्याकडे व्हीडीआरएल पॉझिटिव्ह हे शब्द कानावर पडले की समोरच्याच्या भुवया कुठे जातात ते मी रोज पाहते. नुसत्या कागदावरून आईबापांच्या चारित्र्यापर्यंत पोचायला लोकांना वेळ लागत नाही.

१९५२ ते १९६४ या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ४६ देशांत यॉजविरुद्ध मोहीम चालवली. ३० कोटी लोक तपासले, ५ कोटींना पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. रोग ९५ टक्क्यांनी घटला. आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. आता संपलंच आहे म्हणून लक्ष उडालं, आणि उरलेल्या ५ टक्क्यांनी पुन्हा डोकं वर काढलं.

२०१२ साली लिहीरमध्येच काम करणाऱ्या ओरिओल मित्जा या डॉक्टरनं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की इंजेक्शनची गरज नाही, अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा तोंडावाटे दिलेला एकच डोस तेवढंच काम करतो. हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, सुटलं कोडं. सुई नको, शीतपेटी नको, शिकवलेला गावचा कार्यकर्ताही औषध देऊ शकेल. २०१३ साली लिहीर बेटावर जवळपास सगळ्यांना एकाच वेळी औषध दिलं. वर्षभरात यॉजचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आलं.

पण मुलांच्या पायांवरच्या जखमा काही संपल्या नाहीत.

कारण त्यांतल्या बऱ्याचशा यॉजच्या नव्हत्याच. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिहीरच्या ९० रुग्णांच्या जखमांमधला डीएनए तपासला होता. ५४ जखमांत सापडला हिमोफिलस डुक्रेई. काहींत तो आणि यॉजचा जंतू जोडीनं होते. म्हणजे डोळ्यांनी पाहून ज्याला यॉज म्हटलं जात होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त जखमांमध्ये भलताच पाहुणा होता. पुढे सॉलोमन बेटं, वानुआतू, आफ्रिकेतला घाना, इथल्या मुलांच्या जखमांमध्येही तो मिळाला.

यात खळबळ उडण्यासारखं काय, ते सांगते. हिमोफिलस डुक्रेई हे नाव आमच्या पाठ्यपुस्तकात फक्त एकाच धड्यात येतं: शँक्रॉइड. जननेंद्रियांवर होणारा लैंगिक रोग. परीक्षेत एका मार्काचा प्रश्न, उत्तर ठरलेलं. आणि तोच जंतू पाच-सात वर्षांच्या मुलांच्या पोटऱ्यांवर! इथेही शहाण्यासुरत्या माणसाच्या मनात वाईट शंका येईल. पण मुलांमधला हा संसर्ग लैंगिक नाही. जखमा गुडघ्याखाली, जिथे मुलं पडतात, खरचटतात, तिथे असतात. लिहीरवर हा जंतू जखम नसलेल्या मुलांच्या कातडीवरही सापडला, माश्यांवर सापडला, चादरींवर सापडला.

गंमत अशी, की उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. १८८९ साली नेपल्समध्ये ऑगस्तो डुक्रेई यांनी हा जंतू शोधला तो कसा? रुग्णाच्या गुप्तांगावरच्या जखमेतला पू घेऊन त्याच रुग्णाच्या हाताच्या कातडीत टोचला. तिथे फोड आला. त्यातला पू पुन्हा पुढच्या जागी. असं आठवड्यामागून आठवडे १५ वेळा. आजच्या नियमांत हे कुणी करू देणार नाही, पण त्यातून एक गोष्ट सिद्ध झाली होती, की या जंतूला हाताची कातडी मुळीच वर्ज्य नाही. ते वाचूनही पुढची सव्वाशे वर्षं आपण सगळे 'लैंगिक रोग' या एकाच खणात त्याला कोंबून बसलो.

आमच्यासारख्या साध्या लॅबनं त्याला पकडलं असतं का? नाही. त्याला ३३ अंशांच्या आसपासचं तापमान लागतं, दमट हवा लागते, कार्बन डायऑक्साइड लागतो आणि खास चॉकलेट अगार लागतो. चॉकलेट म्हणजे खायचं नव्हे, रक्त तापवून तपकिरी केलेला अगार. एवढे लाड पुरवले तरी तो दिवस लावतो. आम्ही पुवाची बशी दोन दिवस बघतो आणि 'जिवाणूंची वाढ आढळली नाही' असं छापून मोकळे होतो. यॉजचा ट्रेपोनेमा तर बशीत उगवतच नाही. म्हणून रिपोर्टवर 'वाढ नाही' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'आम्ही वाढवू शकतो त्यातलं काही नव्हतं' इतकाच घ्यायचा. ही ओळ रिपोर्टवर छापावी असं मी एकदा सुचवलं होतं. असो.

यॉज आपल्या देशातही होता. ओडिशा, आंध्र, छत्तीसगड आणि आपल्याकडचा गडचिरोलीचा पट्टा, असे एकूण दहा राज्यांतले डोंगराळ, जंगलातले आदिवासी भाग. लोकांनी त्याला माडिया रोग, गोंडी रोग अशी नावं ठेवली होती. जंतूचा दोष जमातीच्या नावावर टाकायची ही खोड आपली फार जुनी. १९९६-९७ साली ओडिशातल्या कोरापुट जिल्ह्यातून निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, त्याला आणि त्याच्या संपर्कातल्या सगळ्यांना पेनिसिलिन टोचायचं. शेवटचा रुग्ण २००३ साली नोंदवला गेला. त्यानंतर लहान मुलांच्या रक्ताच्या तपासण्या करून नवा संसर्ग होत नाही याची खात्री केली, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत यॉजमुक्त असल्याचं जाहीर केलं. पोलिओच्या बातमीचे पेढे वाटले गेले. या बातमीकडे फारसं कुणी पाहिलंही नाही.

आणखी एक नाव ओघात. बुरुली अल्सर. पश्चिम आफ्रिकेतल्या मुलांना होतो, क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंच्याच कुळातला. त्याचं विष संवेदनाच मारतं, म्हणून हातभर जखम झाली तरी फारशी दुखत नाही आणि लोक उशिरा येतात. आजीला पडलेला महारोगाचा प्रश्न अगदीच वेड्यासारखा नव्हता, हे त्यावरून लक्षात येईल. पण ठाण्यातल्या आईबापांनी बुरुलीच्या काळजीनं झोप घालवायचं काही कारण नाही.

काळजी कशाची करायची? माझ्या मते तीन गोष्टींची, आणि तिन्ही जखमेपेक्षा जखमेच्या आसपास असतात.

पहिली मूत्रपिंडं. स्ट्रेपच्या काही जाती कातडीवर मुक्काम करून जातात, जखम भरून जाते, आणि ३ ते ६ आठवड्यांनी मूल सकाळी उठतं ते सुजलेल्या डोळ्यांनी. लघवी कमी होते, कोऱ्या चहासारखी काळपट होते. जंतू मूत्रपिंडात गेलेला नसतो, त्याच्याशी लढताना शरीरानं जी रसायनं तयार केली तीच मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकून बसलेली असतात. बहुतेक मुलं यातून पूर्ण बरी होतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अडचण अशी, की तोवर पायावरचा फोड घरात सगळे विसरलेले असतात. चेहऱ्यावर सूज आली म्हणून दवाखान्यात गेलात तर महिन्यापूर्वीचा फोड आवर्जून सांगा. कुणी विचारलं नाही तरी सांगा. जखमेपासून वर लाल रेघ चढत असेल, ताप असेल, जांघेत अवधाण आलं असेल, तर मात्र महिनाभर थांबायचं नसतं, त्याच दिवशी जायचं.

दुसरी गोष्ट मेडिकलच्या काउंटरवरची ट्यूब. पाचेक औषधं एकत्र घोटलेलं मलम, त्यात स्टेरॉइड. लावलं की खाज आणि लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून सगळ्यांचं लाडकं. पण स्टेरॉइड कातडीची राखण झोपवतं आणि जंतूंचं फावतं. २०१८ साली सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे. तीच गत अझिथ्रोमायसिनची. तीन गोळ्यांची ती पट्टी सर्दीसाठीसुद्धा मागून घेणारे लोक मी पाहिले आहेत. लिहीरवर जिच्या एका डोसवर सगळी आशा होती, ती हीच गोळी. तिथे औषध वाटून साडेतीन वर्षं होईतो यॉज हळूहळू परतला, आणि पाच रुग्णांत अझिथ्रोमायसिनला दाद न देणारा जंतू मिळाला. तिथे तर गोळी मोजूनमापून, नोंद ठेवून दिली होती.

तिसरी गोष्ट खरूज. मला विचाराल तर आपल्याकडच्या मुलांच्या जखमांचं अर्धं मूळ इथे आहे, पण खरूज हा शब्द उच्चारायचीच लोकांना लाज वाटते, म्हणून 'गरमीचं', 'पाण्याचं', 'अ‍ॅलर्जी' असं काहीबाही म्हटलं जातं. खरजेचा किडा डोळ्याला न दिसण्याइतका बारीक. तो कातडीत बोगदा करून राहतो. एका माणसाच्या अंगावर साधारण दहा-पंधराच किडे असतात, पण रात्री झोपू देत नाहीत. मूल खाजवतं, कातडी फाटते, स्टॅफ आणि स्ट्रेप आत. शिवाय हा किडा शरीराच्या संरक्षणाला गुंगारा देण्यासाठी जी रसायनं सोडतो, ती जिवाणूंच्याही पथ्यावर पडतात. फिजी बेटांवर एक अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथे एका गटातल्या सगळ्या लोकांना खरजेसाठी आयव्हरमेक्टिन दिलं. वर्षभरानं खरूज ९४ टक्क्यांनी कमी झाली, ते अपेक्षितच होतं. पण जिवाणूंच्या जखमाही ६७ टक्क्यांनी कमी झाल्या. आणि दिलेलं औषध अँटिबायोटिक नव्हतं, खरजेचं होतं.

खरजेचा उपचार एकट्याचा नसतो, घराचा असतो. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि वाटत फिरतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं पर्मेथ्रिनचं मलम एकाच रात्री घरातल्या सगळ्यांनी, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत लावायचं, आणि आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा. अगदी तान्ह्या बाळाचं आणि गरोदर बाईचं डॉक्टरांना वेगळं विचारायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात. पावसाळ्यात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांच्या गोधड्या गरम पाण्यात धुऊन वाळवायच्या कुठे, हा प्रश्न कुणी विचारला तर तो बरोबर आहे. त्याला एक सोपी वाट आहे. जे धुता येत नाही ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस बाजूला ठेवायचं. माणसाच्या अंगाशिवाय किडा दोन-तीन दिवसांवर तगत नाही.

जखमेचं स्वतःचं मागणं फार नसतं. साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा, खपली भिजवून अलगद काढा, सांगितलेलं मलम लावा, झाकून ठेवा म्हणजे माशी बसणार नाही. नखं कापा. टॉवेल वेगळा ठेवा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते बघा. हळदीशी माझं भांडण नाही, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांच्याशी मात्र भांडण आहे. आणि गोळ्यांचा कोर्स दिला असेल तर जखम सुकली म्हणून मध्येच थांबू नका.

दिघ्याच्या पोराच्या बशीत दुसऱ्या दिवशी दोघंही उगवले. सोनेरी स्टॅफ, आणि त्याच्या शेजारी खिडक्या उघडत बसलेला स्ट्रेप. पुस्तकात असतं तसं. कोणतं औषध लागू पडतंय ते बघायला आणखी एक दिवस गेला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट न्यायला आजी एकटीच आली. पोरगा शाळेत गेला होता. तिनं पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "काही वाईट नाही ना?"

"डॉक्टरांना दाखवा, आजी. औषध आहे यावर."

ती हसली, आणि बोलता बोलता डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताच्या नखांनी खाजवायला लागली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर तिनं हात पदराखाली घेतला.

"आजी," मी म्हटलं, "जाल तेव्हा हा हातही दाखवा. आणि घरात आणखी कुणाकुणाला खाज येते, तेही डॉक्टरांना सांगा."

"घाम येतो हो, दुसरं काय," ती म्हणाली. मग जरा थांबून, खिडकीशी वाकून, "धाकटीलाही येतो."